वेशीवर आणलेला मुलगा

एक आई, एक बाप आणि दोघांच्या मधे दंडाला धरलेला मुलगा. तिघं वेशीपाशी येतात. वेशीत गावची वडीलधारी मंडळी बसलेली असतात, कारण प्राचीन इस्राएलात निवाडे वेशीतच होत. आईबाप सांगतात: हा आमचा मुलगा हट्टी आहे, बंडखोर आहे, आमचं ऐकत नाही, खादाड आहे, दारुडा आहे. बस्स, एवढंच. मग गावातल्या सगळ्या पुरुषांनी त्याला दगडांनी मारायचं, तो मरेपर्यंत.

तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या, पाचव्या ग्रंथात, मराठी बायबलात ज्याला 'अनुवाद' म्हणतात त्याच्या २१ व्या अध्यायात, १८ ते २१ अशा चार वचनांत हा कायदा आहे. हिब्रूत त्या मुलाला 'बेन सोरेर उमोरे', म्हणजे हट्टी आणि बंडखोर मुलगा, म्हणतात. त्याचं वय किती, खाल्लं किती, प्याला किती, तो स्वतः काय म्हणाला, यातलं काहीही त्या चार वचनांत नाही.

तरी मजकूर नीट वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. बाप एकटा काही करू शकत नाही. आई सोबत हवी, आणि शिक्षा गावच्या वडीलधाऱ्यांसमोर हवी. रोमन कायद्यात कुटुंबप्रमुख बापाला पोराच्या जीवनमरणाचा अधिकार होता. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या संहितेत बापाला मारहाण करणाऱ्या मुलाचा हात तोडावा असं १९५ वं कलम आहे. पण मुलाला वारसा नाकारायचा तर न्यायाधीशांपुढे यावं लागे आणि पहिल्या अपराधाला माफी होती, हे १६८ आणि १६९ या कलमांत आहे. म्हणजे संतापलेल्या बापाच्या हातातून निर्णय काढून घेण्याची खटपट त्या सगळ्या टापूत जुनीच होती.

ज्यांनी हा कायदा पुढे वाचला त्या रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मपंडितांची, अडचण वेगळी. वचन देवाचं. ते खोडता येत नाही, जुनं झालं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास 'की तेत्झे' हा पाठ येतो तेव्हा हीच चार वचनं जगभरच्या सिनेगॉगांत मोठ्यानं वाचली जातात, मुंबई-ठाण्याच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंकडेही. खोडायचं नाही आणि पोराला मारायचंही नाही, तर उरतं काय? वाचणं. एकेक शब्द धरून, सावकाराच्या कारकुनासारखं वाचणं.

फिर्याद

त्यांचं वाचन कसं चालतं हे कळायला एक मुलगा समोर आणू. हा मुलगा मी रचलेला आहे. त्याला लावायच्या कसोट्या मात्र सगळ्या इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या रब्बींच्या कायदेसंग्रहातल्या (सन्हेद्रिन हा ग्रंथ, आठवा अध्याय) आणि त्यावरच्या चर्चेच्या, म्हणजे बाबिलोनी ताल्मुदातल्या आहेत.

वय तेरा वर्षं आणि दीड महिना. बापाच्या कनवटीचे पैसे चोरले, मांस आणलं, दारू आणली आणि चार टवाळ पोरांत बसून फस्त केलं. आईबापांनी दटावलं. पोरानं पुन्हा तेच केलं.

पहिला प्रश्न वयाचा. वचनात 'बेन' म्हणजे मुलगा आहे. मिश्ना म्हणते, मुलगा. मुलगी नाही आणि पुरुषही नाही. अजाण पोर चालणार नाही, कारण त्याच्यावर आज्ञांचं बंधनच आलेलं नाही. तेव्हा सुरुवात कुठून, तर अंगावर प्रौढपणाचे दोन केस दिसल्यापासून. शेवट कुठे, तर 'दाढी' भरेपर्यंत. इथे मिश्ना क्षणभर थांबून सांगते की दाढी म्हणजे खालची, वरची नव्हे. पण पंडित सभ्य भाषेत बोलतात. दीड हजार वर्षांहून जुन्या कायद्याच्या मजकुरातला हा संकोच मला फार आवडतो.

ताल्मुद या मुदतीला आणखी आवळतो. रब्बी शब्बताय यांच्या नावानं रब्बी क्रुस्पेदाय सांगतात की बंडखोर मुलाचे सगळे दिवस मिळून तीन महिने. कारण असं की वचनात 'मुलगा' आहे, 'बाप' नाही. तेराव्या वर्षी त्यानं कुणा स्त्रीला गरोदर केलं तर तीन महिन्यांनी गर्भ कळून येईल आणि हा बाप म्हणवला जाईल. म्हणजे आपल्या मुलाकडे आता दीड महिना उरला आहे. त्यानंतर त्यानं काहीही केलं तरी या कायद्याखाली नाही.

मुलगी का वगळली, याचं कारण रब्बी शिमोन सरळ सांगतात: तर्कानं पाहिलं तर मुलीलाही हा कायदा लागायला हवा होता, पण शास्त्रानं 'मुलगा' म्हटलंय, संपलं. सोयीचं कारण जोडण्याची त्यांना गरज वाटली नाही.

मांसाचं माप

आता आरोप. 'खादाड आणि दारुडा.' किती खाल्लं की खादाड? मिश्नाचं उत्तर: एक तर्तेमार मांस आणि अर्धा लोग इटालियन दारू. रब्बी योसे म्हणतात, एक माने मांस आणि पूर्ण लोग दारू.

तर्तेमार म्हणजे किती, हे ताल्मुदाच्या काळातच विस्मरणात गेलं होतं. रब्बी झेरा कबूलच करतात: तर्तेमार काय असतं मला माहीत नाही. पण रब्बी योसेंनी दारूचं माप दुप्पट केलंय, तेव्हा मांसाचंही दुप्पटच केलं असणार, म्हणून तर्तेमार म्हणजे अर्धा माने. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे आणि माप असं त्रैराशिकानं काढलं जातंय. अर्धा माने म्हणजे पन्नास दिनारांचं वजन, पाव किलोच्या आतच. लोग म्हणजे सहा अंड्यांएवढं द्रव, तर अर्धा लोग तीन अंड्यांएवढा, साधारण कपभर. रविवारी दुपारी आपल्याकडे एका ताटात याहून जास्त मटण वाढलं जातं.

पुढे अटी. मांस आणि दारू दोन्ही हवं. बाकी काहीही कितीही खाल्लं तरी आरोप उभा राहत नाही. इथे नीतिसूत्रांतलं 'दारू पिणाऱ्यांत आणि मांस हादडणाऱ्यांत बसू नकोस' हे वचन जोडतात, आणि मिश्ना प्रामाणिकपणे म्हणते की हा पुरावा नाही, इशारा आहे. धार्मिक पंगतीत खाल्लं तर नाही. यरुशलेमेत दुसऱ्या दशमांशाचं (तिथे नेऊनच खायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचं) खाल्लं तर नाही. निषिद्ध मांस खाल्लं तरी नाही! मांस स्वस्तात मिळवलेलं हवं, दारूही स्वस्तातली. मांस पुरतं कच्चं नको, पुरतं शिजलेलंही नको. चोर घाईघाईत शिजवतात तसं अर्धवट. दारू निर्भेळ नको, पाणी नीट घातलेलीही नको. सोबतची टोळी सगळीच्या सगळी टवाळ हवी. एक जरी बरा माणूस बसलेला असला तरी खटला गेला.

चोरीचंही तसंच. बापाचं चोरून बापाच्याच घरात खाल्लं: नाही. परक्याचं चोरून परक्याकडे: नाही. परक्याचं चोरून बापाकडे: नाही. बापाचं चोरून परक्याच्या जागेत खाल्लं तरच. रब्बी योसे बेन यहूदा आणखी एक मागणी करतात: बापाचं आणि आईचं, दोघांचं चोरलेलं हवं. मग ताल्मुद विचारतो, आईचं वेगळं असतं काय? बायकोचं जे असेल ते नवऱ्याचं. उत्तर: दोघांच्या जेवणासाठी बाजूला काढलेले पैसे.

हे वाचून पहिल्यांदा हसू येतं. वाटतं, फाटे फोडून फोडून आरोपीला निसटू देणाऱ्या वकिलाची ही युक्ती. पण मी या अटी पुन्हा पाहिल्या तेव्हा त्यांचे दोन ढीग पडताना दिसले, आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा मुद्दा तिथे आहे.

एक ढीग व्यसनाचा. बापाचा खिसा का? कारण तो रोज हाताशी असतो. परक्याच्या घरात का? कारण बापाच्या डोळ्यांदेखत खाताना पोराला धाक वाटतो. स्वस्त का? महाग असेल तर पुन्हा पुन्हा परवडत नाही. टवाळ टोळी का? चांगला माणूस बसला की हात आखडतो. अर्धवट शिजलेलं का? ज्याला दम धरवत नाही तो तसंच खातो. प्रत्येक अट एकच प्रश्न विचारते: यातून सवय लागेल का? हे कज्जेदलाली नव्हे, सवय कशी रुजते याचं बारीक निरीक्षण आहे. ज्या घरात एक पोर बाटलीला लागलंय त्या घरातल्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल.

दुसरा ढीग शब्दांचा, आणि त्याला या निरीक्षणाशी काही देणंघेणं नाही.

आईबापांची तपासणी

वचनात क्रियापदं आहेत: आईबापांनी त्याला 'धरावं', बाहेर 'आणावं', 'सांगावं' की 'हा आमचा मुलगा', तो 'आमचा आवाज ऐकत नाही'. मिश्ना ही क्रियापदं शब्दशः घेते. धरावं, म्हणून आईबापांतलं कुणी थोटं असलं तर खटला नाही. आणावं, म्हणून लंगडं चालणार नाही. सांगावं, म्हणून मुकं नाही. 'हा' असं बोट दाखवायचं, म्हणून आंधळं नाही. 'आमचा आवाज ऐकत नाही' हे त्यांना स्वतःला कळायला हवं, म्हणून बहिरं नाही. बाप तयार आणि आई तयार नाही, तरी नाही. आई तयार आणि बाप नाही, तरी नाही.

रब्बी यहूदा इथून पुढची झेप घेतात. 'आमचा आवाज' हिब्रूत 'कोलेनू', एकवचनी आवाज. दोघांचा मिळून एकच आवाज, म्हणजे आईचा आणि बापाचा आवाज सारखा असायला हवा. आवाज सारखा हवा तर मग चेहरामोहराही सारखा हवा. आणि उंचीही.

आपल्या मुलाचे आईबाप कसे आहेत, हे मी ठरवलेलंच नव्हतं. समजा बाप वीतभर उंच आहे. रब्बी यहूदांच्या कचेरीत प्रकरण इथेच मिटलं, आणि मुलानं काय खाल्लं हे कुणी विचारलंही नाही.

कार्यपद्धती

समजा आईबाप जुळ्या भावंडांसारखे दिसतात. मग आधी तीन न्यायाधीशांपुढे ताकीद आणि फटके. पोरानं पुन्हा तेच केलं तर तेवीस जणांपुढे. त्यात पहिले तीन हजर हवेत, कारण वचनात 'हा आमचा मुलगा' आहे, म्हणजे ज्याला तुमच्यासमोर फटके मिळाले तोच हा. त्या तिघांपैकी एक मेला, की संपलं. निकालाआधी मुलगा पळाला आणि तेवढ्यात ती खालची दाढी भरली, तर सुटला. निकाल लागल्यावर पळाला तर मात्र सुटत नाही.

आणि दुसऱ्या एका ठिकाणी ताल्मुदात एक ओळ येते, जी मला सगळ्या शब्दच्छलापेक्षा जड वाटते: आईबापांना माफ करायचं असेल तर ते माफ करू शकतात. म्हणजे हा खटला शेवटपर्यंत चालवायचा तर सगळा वेळ दोघांनीही आपल्या पोराला मारायच्या निश्चयावर ठाम राहायला हवं.

मग मारायचं कशासाठी?

हे सगळं करूनही मिश्ना शिक्षेचं समर्थन टाकत नाही. ती म्हणते, या मुलाचा न्याय त्याच्या शेवटावरून केला जातो. निरपराध असताना मरू दे, अपराधी होऊन मरायला नको. रब्बी योसे हगलिली हे उघड करतात: पाव किलो मांस खाल्लं म्हणून दगड? नाही. तोरानं या पोराच्या मनाचा शेवट पाहिला. बापाची मालमत्ता संपवील, मग चटक भागवायला काही मिळेनासं झालं की तिठ्यावर उभा राहून वाटसरूंना लुटील.

'बाळाचे पाय पाळण्यात दिसतात' असं आपण कौतुकानं म्हणतो. इथे तीच म्हण फाशीच्या दोरावर बांधलेली आहे. फासावर जाताना आईचा कान चावणाऱ्या चोराची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या प्रत्येकाला हा तर्क ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की तिथे चोर मोठा झाल्यावर लटकतो.

आणि हा तर्क परंपरेतल्याच दुसऱ्या वचनाशी भिडतो. उत्पत्तीत हागारेचा मुलगा इश्माएल वाळवंटात तहानेनं मरायला टेकतो, आणि देव त्याचा आवाज 'तो जिथे आहे तिथे' ऐकतो. त्यावरून रब्बी यित्झहाक म्हणतात, माणसाचा न्याय फक्त त्या घडीच्या कृतीवरून होतो. मिद्राशात, म्हणजे बायबलावरच्या रब्बींच्या कथा-टीकांत, देवदूत तक्रार करतात की याचे वंशज पुढे तुझ्या लेकरांना तहानेनं मारणार आहेत. देव विचारतो, आत्ता हा काय आहे? मग बंडखोर मुलाला हा प्रश्न का नाही विचारायचा? टीकाकारांनी यावर शतकानुशतकं उत्तरं रचली. मला एकही पुरतं पटत नाही.

'कधी झाला नाही, कधी होणार नाही'

ताल्मुदात, सन्हेद्रिनच्या ७१ व्या पानावर, एक जुनं वचन येतं: बंडखोर मुलगा कधी झाला नाही आणि कधी होणार नाही. मग लिहिलाय कशाला? 'अभ्यास कर आणि फळ घे.'

हे वाक्य आज फार उद्धृत केलं जातं, आणि बहुधा असं की रब्बींनी एक क्रूर कायदा दयाबुद्धीनं रद्द केला. इतकं सोपं ते नाही. ताल्मुद लगेच विचारतो, हे मत कुणाचं? उत्तर: रब्बी यहूदांचं, ज्यांना आईबाप एका उंचीचे हवेत. किंवा रब्बी शिमोनांचं, जे म्हणतात की एवढंसं मांस आणि कपभर दारू यासाठी आईबाप आपल्या पोराला दगडांखाली घालतील? होणेच नाही. ही दोघांची मतं आहेत, मिश्नाचा निकाल नव्हे. रब्बी शिमोनांचं कारण तर शब्दातलं नाहीच. ते आईबापांना ओळखणाऱ्या माणसाचं आहे.

दोघेही रब्बी अकिवांचे शिष्य. आणि अकिवा व तार्फोन यांच्याबद्दल मिश्ना सांगते की आम्ही न्यायसभेत असतो तर कुणालाही कधी मृत्युदंड झाला नसता. कसं, तर ताल्मुद सांगतो, साक्षीदारांना अशक्य प्रश्न विचारून: तलवार जिथे घुसली तिथे आधीच भोक नव्हतं कशावरून? मिश्नात त्याच ठिकाणी रब्बान शिमोन बेन गमलिएल उलटून म्हणतात, असं केलंत तर इस्राएलात खुनी वाढतील.

आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. परंपरेप्रमाणे इ. स. ७० मध्ये मंदिर पडलं त्याच्या चाळीस वर्षं आधीच ज्यू न्यायसभेनं देहदंडाचे खटले चालवणं थांबवलं होतं. म्हणजे यहूदा, शिमोन, योसे हे ज्या कोर्टाचे नियम घासत होते ते कोर्ट त्यांच्या काळी नव्हतंच. दंडुका हातात नसताना दया स्वस्त असते, असं कुणी म्हणालं तर मी त्याला गप्प करू शकणार नाही. पण उलटही खरं आहे: दंडुका नसताना कडक बोलणं तर त्याहून स्वस्त असतं, आणि ते त्यांनी केलं नाही.

बाराव्या शतकात मैमोनिदेस या ज्यू विधिपंडितानं आपल्या संहितेत या कायद्याला एक पूर्ण अध्याय दिला. पन्नास दिनारांचं मांस एका दमात, अर्धा लोग दारू एका दमात, तीन महिने, सगळं क्रमवार. आवाज, चेहरा आणि उंची यांची अट मात्र त्यानं घेतली नाही. त्याच्या लेखी हा चालू शकणारा कायदा होता.

ज्यांच्याकडे दंडुका होता त्यांनी काय केलं याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीनं १६४६ मध्ये हीच वचनं जवळजवळ जशीच्या तशी आपल्या कायद्यात घातली, वयाची अट सोळा वर्षं घालून. त्याखाली कुणाला मारल्याची नोंद नाही, पण पातळ होत गेलेल्या रूपात 'हट्टी मुलां'चा तो कायदा १९७३ पर्यंत पुस्तकात होता. रब्बींच्या हिशेबात सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे मुदत संपून पावणेतीन वर्षं झालेला इसम.

थडग्यावर बसलेला माणूस

'कधी झाला नाही' या वाक्याच्या पाठोपाठ ताल्मुदात चार-पाच शब्दांचं एक वाक्य आहे. रब्बी योनातान म्हणतात: मी त्याला पाहिलंय, आणि त्याच्या थडग्यावर बसलोय.

कुठे, केव्हा, कुणाचा मुलगा, काहीही नाही. चर्चा लगेच पुढच्या विषयाकडे वळते: मूर्तिपूजेला लागलेलं अख्खं गाव जाळण्याचा कायदा. तिथेही वचन येतं की असं गाव कधी झालं नाही, होणार नाही; रब्बी एलिएझर म्हणतात, एका दाराला जरी मेझुझा (चौकटीला लावायची तोरा-वचनांची गुंडाळी) असेल तर ते गाव जाळता येत नाही, कारण त्यात देवाचं नाव आहे. आणि तिथेही रब्बी योनातान म्हणतात: मी ते पाहिलंय, त्याच्या ढिगाऱ्यावर बसलोय.

ताल्मुद त्यांना खोटं म्हणत नाही. उलटतपासणीही घेत नाही. एवढ्या मापांनी, शब्दांनी, तीन आणि तेवीस न्यायाधीशांनी जो मुलगा वेशीवरून परत घरी पाठवला, त्याचं थडगं एक माणूस दाखवतो, आणि तेही पानावर तसंच राहू दिलं जातं.

पण त्याच पाचव्या ग्रंथात, दोनच अध्याय आधी, साक्षीचा कायदा आहे. कोणत्याही अपराधात एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. दोन किंवा तीन हवेत. योनातान एकटेच होते.